पेढीचा आराखडा आखताना धन्याचे स्थान

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर ‘एंटरप्राइझ आर्किटेक्चरच्या नियोजनात उद्योगप्रमुखांचा सहभाग’ असा छापला गेला आहे. शब्द भारदस्त आहेत. ते वाचून हा विषय टाटा-बिर्लांचा, कॅम्पातल्या गाळेधारकाचा त्याच्याशी काय संबंध, असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. परंतु जेथे माल एका ठिकाणी येतो, दुसऱ्या ठिकाणी साठतो, तिसऱ्या ठिकाणी त्यावर काम होते, चौथ्या ठिकाणाहून तो विकला जातो आणि पैसे पाचव्याच माणसाकडून वसूल होतात, तेथे या विषयाला आरंभ होतो. गजानन मार्केटमधील कापडाचा घाऊक व्यापारी, फर्निचर बाजारातील दुकानदार, जीन्स शिवून घेणारा कारखानदार, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत औषधी रसायने करणारा उद्योजक, हे सर्व या व्याख्येत बसतात.

एंटरप्राइझ आर्किटेक्चर म्हणजे पेढीची रचना. कोणती कामे चालतात, त्या कामांसाठी कोणती माहिती लागते, ती माहिती कोणत्या संगणक प्रणालीत राहते आणि त्या प्रणाली कोणत्या यंत्रांवर चालतात, या चार गोष्टींचा एकमेकींशी असलेला संबंध कागदावर मांडणे आणि पुढील काही वर्षांत तो कसा असावा हे ठरविणे, म्हणजे तिचे नियोजन. यात ‘संगणक’ हा शब्द शेवटी येतो. व्यवहारात मात्र बहुतेक पेढ्यांत तो प्रथम येतो, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो.

आराखड्याविना झालेल्या वाढीचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची सोय करण्यात आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सैनिकांसाठी बांधलेल्या बराकीत कुटुंबे राहू लागली, पुढच्या अंगाला दुकान निघाले, मागे शिलाईयंत्रे आली, वर माळा चढला. ज्या परिस्थितीत ती माणसे आली होती ती पाहता याहून वेगळे काही घडणे शक्यही नव्हते, आणि त्या उद्यमशीलतेला तोड नाही. पण पुढे त्याच सवयीने मजल्यावर मजले चढले आणि अखेर २००६ मध्ये अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी राज्य शासनाला केवळ उल्हासनगर शहरापुरता स्वतंत्र कायदा करावा लागला. आधी बांधायचे आणि नकाशा मागाहून जुळवायचा, याला किती वर्षे आणि किती खर्च लागतो, हे येथील नागरिकांना कोणी शिकविण्याची गरज नाही.

पेढीचेही तसेच असते. एका वर्षी हिशेबासाठी एक प्रणाली घेतली जाते, दुसऱ्या वर्षी गोदामासाठी कोणी परिचित वेगळी करून देतो, पगाराचे काम तिसरीकडे, वसुलीची यादी शेठजींच्या डायरीत आणि दरपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर. प्रत्येक गोष्ट त्या त्या वेळी गरजेची होती. मात्र एखाद्या दिवशी ‘अमुक ग्राहकाकडे एकूण किती येणे आहे आणि त्याला द्यावयाचा किती माल अजून धुलाईत पडून आहे’ असा साधा प्रश्न विचारला, तर उत्तरासाठी चार माणसांना फोन करावे लागतात आणि चार आकडे वेगवेगळे येतात.

या शास्त्राचा उगम पाहणे उद्बोधक ठरेल. आयबीएम कंपनीत काम करणारे जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये त्या कंपनीच्या संशोधनपत्रिकेत एक लेख लिहिला आणि उपमा घेतली ती घरबांधणीची. घर बांधताना चित्रे अनेक होतात. घरमालकाला समजेल असे एक चित्र, वास्तुविशारदाचे दुसरे, ठेकेदाराचे तिसरे, गवंडी-सुताराच्या हाती पडणारे चौथे. ही सर्व चित्रे एकाच घराची, पण प्रत्येकाचा उपयोग वेगळा. झॅकमन यांच्या कोष्टकात मालकाची ओळ वास्तुविशारदाच्या वर आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. त्या कोष्टकात आडवे सहा प्रश्न येतात: काय, कसे, कुठे, कोण, केव्हा आणि का. यांपैकी शेवटचे तीन प्रश्न त्यांनी जॉन सोवा यांच्या सहकार्याने १९९२ मध्ये विस्ताराने मांडले. त्याच सुमारास स्टीव्हन स्पेवॅक यांचे या नियोजनावरील पुस्तक आले आणि क्रम स्पष्ट झाला. प्रथम व्यवसाय समजून घ्यावा, मग माहिती, मग प्रणाली आणि सर्वांत शेवटी यंत्रसामग्री.

सहा प्रश्नांपैकी ‘कसे’ आणि ‘कुठे’ यांची उत्तरे नोकरवर्ग देऊ शकतो. ‘का’ याचे उत्तर धन्यावाचून कोणी देऊ शकत नाही. अमुक दलालाला अर्धा टक्का अधिक का, अमुक गावच्या व्यापाऱ्याला नव्वद दिवसांची उधारी का, तोट्यात चालणारा तो एक माल अजून दुकानात का ठेवायचा, यामागे कधी तीस वर्षांचे ऋणानुबंध असतात, कधी बाजारावरची पकड असते आणि कधी केवळ जुनी सवय असते. यातले काय जपावे आणि काय सोडावे, हा निर्णय प्रणाली विकावयास आलेल्या तरुणावर सोडणे म्हणजे तिजोरीची किल्ली वाटसरूच्या हाती देण्यासारखे आहे.

भारतीय व्यापाऱ्याला हे नवीन आहे असेही नाही. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनची चिमणी येथल्या प्रत्येकाने लोकलमधून पाहिलेली आहे. हा कारखाना दीर्घकाळ बिर्ला घराण्याच्या सेंच्युरी कंपनीचा होता आणि २०१८ पासून तो चालविण्याचे अधिकार ग्रासिम कंपनीकडे आले. या घराण्यात घनश्यामदास बिर्लांच्या काळापासून ‘पडता’ नावाची पद्धत रूढ होती. प्रत्येक कारखान्याने किती उत्पादन करावे, त्यावर किती खर्च यावा आणि रोज किती रोख नफा सुटावा याचा अंदाज आधी बांधायचा, आणि दररोजचे प्रत्यक्ष आकडे त्या अंदाजाशी ताडून वर पाठवायचे. संगणक नव्हता तेव्हाही हे चालत असे. यातील मर्म असे की, कोणते आकडे रोज हवेत आणि कोणते महिन्याने चालतील, हे कारकुनाने अथवा हिशेबनिसाने ठरविले नव्हते. ते धन्याने ठरविले होते. माहितीची रचना आधी झाली आणि साधने बदलत राहिली. कुमार मंगलम बिर्ला यांनी १९९५ मध्ये सूत्रे हाती घेतल्यानंतर समूहाने काळानुरूप अन्य मापदंडही स्वीकारले. ती पद्धत सोडण्याचा निर्णयदेखील धन्याचाच होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण तर येथील प्रत्येक दुकानाच्या पडद्यावर रोज उघडते. टॅली ही हिशेबाची प्रणाली १९८६ मध्ये बंगळुरू येथे जन्माला आली. श्यामसुंदर गोएंका हे कापड गिरण्यांना कच्चा माल व यंत्रांचे भाग पुरविणारे व्यापारी होते. बाजारात मिळणारी हिशेबाची कोणतीही प्रणाली त्यांच्या पसंतीस उतरेना, तेव्हा त्यांनी आपले पुत्र भरत गोएंका यांना ती लिहावयास सांगितले. वडील व्यवहार सांगत आणि मुलगा त्याला संगणकाचे रूप देई. त्या काळच्या अन्य प्रणालींत प्रत्येक खात्याला सांकेतिक क्रमांक लागत असे. टॅलीत खाते नावानेच उघडू लागले. व्यापारी खतावणी उघडतो तेव्हा नावाचे पान शोधतो, क्रमांकाचे नव्हे. जो वही वापरीत होता तोच आराखडा सांगत होता, म्हणून ही प्रणाली गावोगावच्या मुनिमांच्या हाती सहज रुळली. भरत गोएंका यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या वडिलांचा वाटाही त्या यशात मोठा मानला पाहिजे.

आता जेथे धंदा जाणणाऱ्यांचे ज्ञान आराखड्यापर्यंत पोहोचले नाही, तेथे काय झाले ते पाहू. ही उदाहरणे परदेशातील आहेत, कारण तेथील कंपन्यांना अपयश जाहीर करावे लागते. आपल्याकडे ते घरातच झाकले जाते.

अमेरिकेतील हर्शी ही चॉकलेटची प्रसिद्ध कंपनी. तिचा हंगाम हॅलोविन सणाचा, म्हणजे आपल्याकडे जशी दिवाळी. १९९९ च्या जुलै महिन्यात, ऐन हंगामाच्या तोंडावर, कंपनीने ऑर्डर, गोदाम व वाहतूक यांची सर्व कामे एकदम नव्या प्रणालीवर आणली. हंगामात माल इतका असे की, कामगार मंडळी तो जागा मिळेल तेथे ठेवीत. ही जास्तीची ठिकाणे प्रणालीत नोंदविलीच गेली नव्हती, असे त्यानंतरच्या वृत्तांतांत नमूद आहे. माल डोळ्यांसमोर होता, पण संगणकाच्या लेखी तो अस्तित्वातच नव्हता. सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या वेळेवर पुऱ्या होऊ शकल्या नाहीत आणि त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला. ‘ऐन हंगामात हा बदल नको’ आणि ‘जिन्याखाली ठेवलेला मालही मोजा’ ही दोन वाक्ये कोणत्याही अनुभवी व्यापाऱ्याच्या तोंडून सहज निघाली असती.

जर्मनीतील लिडल या किराणा मालाच्या साखळीची कथा अधिक बोलकी आहे. ही कंपनी शिल्लक मालाची किंमत खरेदीच्या दराने धरीत असे. घेतलेल्या तयार प्रणालीची मूळ मांडणी विक्रीच्या दरावर होती. हा फरक संगणकाचा मुळीच नाही. शिल्लक माल कोणत्या भावाने धरायचा हा प्रश्न तर आपल्याकडे दर दिवाळीला आणि दर मार्चअखेर पेढीवर निघतो. कंपनीने आपली पद्धत न बदलता प्रणालीच बदलत नेण्याचा मार्ग धरला. २०११ मध्ये सुरू झालेले हे काम सुमारे ५० कोटी युरो खर्चून झाल्यावर २०१८ मध्ये सोडून द्यावे लागले. येथे कोण चुकले याविषयी मतभेद संभवतात. आपली पद्धत टिकविणे कदाचित योग्यही असेल, आणि सोडून देणेही. पण तो निर्णय पहिल्या महिन्यात, परिणामांची जाणीव ठेवून, व्यवसाय चालविणाऱ्यांनी करावयास हवा होता. धन्याचा सहभाग म्हणजे धन्याचा हट्ट नव्हे, हेही या उदाहरणातून ध्यानी येते.

अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेनेही गुन्ह्यांच्या नोंदींची एक प्रणाली सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये मोडीत काढली. संस्थेच्या एकूण कामकाजाचा आराखडाच तयार नव्हता, मागण्या सतत बदलत राहिल्या आणि जबाबदार अधिकारीही बदलत राहिले, असे निष्कर्ष चौकशीत निघाले. नवी प्रणाली सुरू होण्यास २०१२ साल उजाडले.

याउलट, मुंबईतील एक यश येथील अनेक कुटुंबांनी जवळून अनुभवले आहे. शेअर दलालीच्या व्यवसायातील मंडळींना नोव्हेंबर १९९४ आठवत असेल. राष्ट्रीय शेअर बाजाराने समभागांचे व्यवहार पडद्यावर सुरू केले. त्या बाजाराचे पहिले व्यवस्थापकीय संचालक डॉ. आर. एच. पाटील आणि त्यांचे सहकारी हे वित्तसंस्थेतून आलेले, बाजाराचे व्यवहार जाणणारे लोक होते. सर्वप्रथम भाव चांगला त्याचा सौदा, भाव समान असल्यास आधी आला त्याचा सौदा, आणि समोरचा दलाल कोण हे कोणासही दिसणार नाही, हे नियम म्हणजे त्या बाजाराचा आराखडा. उपग्रहाच्या तबकड्या, संगणक, पडदे हे सर्व त्या नियमांच्या सेवेसाठी आले. रिंगणातल्या ओळखीवर चालणाऱ्या व्यवसायाला तो मोठा धक्का होता, आणि त्याची झळ आपल्या समाजातील काही घरांनाही बसली हे मान्य केले पाहिजे. एका वर्षाच्या आत त्याची उलाढाल मुंबई शेअर बाजाराच्या पुढे गेली. मुंबई शेअर बाजारानेही मार्च १९९५ मध्ये स्वतःची पडद्यावरील यंत्रणा सुरू केली. पुढे १९९६ मध्ये निक्षेपागार कायदा झाला, राष्ट्रीय निक्षेपागार संस्था स्थापन झाली आणि चंद्रशेखर भावे यांनी तिचे नेतृत्व केले. कागदी शेअर प्रमाणपत्रे, खोट्या सह्या आणि हरवलेली टपाल पाकिटे यांचा त्रास ज्यांनी भोगला आहे, त्यांना या आराखड्याचे मोल निराळे सांगावयास नको.

शेजारच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेनेही २००० च्या सुमारास जन्म-मृत्यूचे दाखले, मालमत्ता कर, पाणीपट्टी, तक्रारी अशी कामे नागरी सुविधा केंद्रातून एका जागी देण्याची रचना उभी केली आणि ती राज्यातील अन्य नगरपालिकांसाठी नमुना म्हणून पुढे आली. अशा कामात आयुक्त स्वतः लक्ष घालतात तेव्हाच खाती आपापल्या भिंती सोडतात. कनिष्ठ अधिकारी दुसऱ्या खात्याला आज्ञा देऊ शकत नाही, आणि पेढीतही हिशेबनीस गोदामवाल्याला देऊ शकत नाही.

मग धनी मंडळी या बैठकांना का येत नाहीत? कारणे ठरलेली आहेत. ‘वेळ नाही’ हे पहिले. ‘मुलगा शिकलेला आहे, तो बघेल’ हे दुसरे. तिसरे कारण सहसा बोलले जात नाही, आणि तेच सर्वांत खरे असते. सगळे कागदावर मांडले तर खरेदीचा दर, नफ्याचे प्रमाण, कोणाशी कसा व्यवहार आहे, हे नोकराला कळेल, भावाला कळेल, उद्या बाजारालाही कळेल. ही भीती निराधार नाही. मात्र तिचे उत्तर आराखड्यापासून दूर राहण्यात नाही. कोणाला काय दिसावे हा आराखड्याचाच एक भाग आहे. विक्रेत्याला विक्रीचा दर दिसेल, खरेदीचा दिसणार नाही. गोदामवाल्याला नग दिसतील, रक्कम दिसणार नाही. असे नियम ठरविता येतात. धनी बैठकीला बसला नाही तर हे नियम प्रणाली बसवून देणारा स्वतःच्या सोयीने ठरवितो, आणि पुष्कळदा सर्वांना सर्व काही दिसेल अशीच मुभा ठेवून निघून जातो.

मुलाविषयी दोन शब्द. मुलगा संगणक जाणतो, वडील धंदा जाणतात. मुलाला एकट्याला पाठविले तर तो प्रणालीचे प्रात्यक्षिक पाहून प्रभावित होऊन येतो. वडील एकटे गेले तर किंमत ऐकून परत येतात. दोघांनी एकत्र बसणे हाच उपाय. ज्या घरांत वाणिज्य शाखेची पदवी घेतलेल्या अथवा सनदी लेखापाल झालेल्या सुना आणि मुली हिशेब पाहतात, त्यांनाही चहा घेऊन येण्यापुरते नव्हे तर बैठकीच्या सदस्य म्हणून स्थान द्यावे. अनेक पेढ्यांत थकबाकीची नेमकी स्थिती त्यांनाच ठाऊक असते. आणि मुनीमजी! चाळीस वर्षे पेढी सांभाळलेले मुनीमजी निवृत्त होतात किंवा देवाघरी जातात, त्या दिवशी पेढीची अर्धी रचना त्यांच्याबरोबर जाते. कोणत्या व्यापाऱ्याचा चेक कधी भरावयाचा, कोणाचे वजन नेहमी दोन किलोने कमी भरते, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. त्यांच्या हयातीत, त्यांचा मान राखून, हे लिहून घेणे हे या नियोजनातील पहिले काम समजावे.

पहिल्या बैठकीत संगणकाचे नाव काढू नये. एक खरी ऑर्डर घ्यावी आणि फोन आल्यापासून पैसे जमा होईपर्यंत तिचा माग काढावा. धन्याने सांगावे, मुनिमाने दुरुस्त करावे, गोदामवाल्याने पुन्हा दुरुस्त करावे. जीन्सच्या धंद्यात कापड ताक्याने येते, कापणीनंतर ते नगांत मोजले जाते, शिलाई आणि धुलाई बाहेर होते, काही माल डागी निघतो. ताक्याचे नग झाले त्या क्षणी कोणाच्या वहीत काय लिहिले गेले, हे विचारून पाहावे. येथे तीन माणसांची तीन उत्तरे येणे ठरलेलेच, आणि धन्याला स्वतःच्या पेढीविषयी एखादी गोष्ट प्रथमच कळते. अंबरनाथच्या रसायन उद्योगात हाच प्रश्न बॅचच्या क्रमांकाबाबत येतो. परदेशी ग्राहकाने दोन वर्षांनी एका बॅचविषयी विचारणा केली, तर कच्च्या मालाच्या पिंपापर्यंत मागे जाता येते का?

नंतरच्या बैठकीत शब्दांचे अर्थ ठरवावेत. हे काम क्षुल्लक वाटते, पण खरा निकाल येथेच लागतो. एकाच कुटुंबाची तीन दुकाने असतील तर ती तीन खाती की एक ग्राहक? उधारीची मर्यादा कोणावर लागू होते, दुकानावर की कुटुंबावर? याचे उत्तर संगणक तज्ज्ञाने दिले तर ते तीन खाती म्हणून देईल; बुडीत रकमेचा अनुभव घेतलेला व्यापारी वेगळे उत्तर देईल. हाच नियम आपल्या धर्मादाय संस्थांनाही लागू आहे. तयार प्रणालीत ‘देणगी’ असा एकच रकाना असतो. देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, जीवदया आणि साधारण खाते यांतील भेद, आणि एका खात्याची रक्कम दुसरीकडे का वापरता येत नाही, हे विश्वस्तांनी पहिल्या दिवशी सांगितले नाही तर पावतीपुस्तकापासूनच गोंधळ सुरू होतो.

पुढे काय आधी आणि काय नंतर, हे ठरवावे लागते. पैसा मर्यादित, माणसांची शिकण्याची ताकदही मर्यादित. कोणते काम या वर्षी, कोणते पुढच्या वर्षी, आणि हंगामाच्या महिन्यांत काहीही बदलणार नाही, हे एका पानावर लिहून धन्याने त्यावर सही करावी. एका पानापेक्षा मोठा कागद धनी वाचत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. आराखडा करणाऱ्यांनी त्याचा राग मानू नये.

सरकारी नियमांनी आता हे काम ऐच्छिक राहू दिलेले नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीला ई-वे बिल आले, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींपेक्षा अधिक उलाढाल असलेल्या व्यावसायिकांनाही ई-इन्व्हॉइस लागू झाले. त्यानंतर प्राप्तिकर कायद्यातील ४३ब (ह) हे कलम आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून अमलात आले. सूक्ष्म व लघु उद्योगाला लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजावटीस धरला जात नाही. वरकरणी हा कर सल्लागाराचा विषय. पण आपला पुरवठादार सूक्ष्म आहे की लघु, उत्पादक आहे की नुसता व्यापारी, त्याचे उद्यम प्रमाणपत्र कोणाकडे ठेवले आहे, माल स्वीकारल्याचा दिवस कोण लिहितो, हे खरेदी, गोदाम आणि हिशेब अशा तीन टेबलांवर विखुरलेले असते. मार्चअखेरीस सल्लागाराने यादी मागितली तेव्हा बऱ्याच पेढ्यांत धावपळ उडाली, ती याच कारणाने. आणि नव्वद दिवसांच्या उधारीवर उभा असलेला धंदा पंचेचाळीस दिवसांवर आणायचा की पुरवठादार बदलायचे, हे तर केवळ धनीच सांगू शकतो.

‘कुठे’ या प्रश्नाविषयीही या परिसराने विशेष दक्ष राहिले पाहिजे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास आणि वालधुनी या नद्यांचे पाणी वस्तीत आणि दुकानांत शिरले. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तो दिवस सर्वांच्या स्मरणात आहे. हिशेबाचा संगणक तळमजल्यावर आणि त्याची प्रत त्याच टेबलाच्या खणात, ही स्थिती आजही अनेक दुकानांत दिसते. प्रत रोज घ्यायची की आठवड्याने, ती पाण्याच्या पातळीबाहेर कोणाच्या घरी ठेवायची, परवलीचा शब्द घरातल्या आणखी कोणाला ठाऊक असावा, आणि भावाभावांत वाटण्या झाल्या तर जुनी माहिती कोणाकडे राहणार, हे लिहून ठेवण्यास एका संध्याकाळपेक्षा अधिक वेळ लागत नाही.

एकदा केलेला आराखडा कायमचा नसतो. त्यासाठी निराळा मुहूर्त शोधण्याची गरज नाही. दिवाळीत वहीपूजन होते, कुटुंबातील सर्व कर्ती माणसे त्या दिवशी पेढीवर असतात, मुनीमजीही नवी वही घेऊन आलेले असतात. पूजेनंतर मिठाई वाटण्याआधी गेल्या वर्षीचे ते एक पान बाहेर काढावे, जे झाले त्यावर खूण करावी, जे झाले नाही त्याचे कारण मुनीमजींनी वाचून दाखवावे आणि धन्याने त्याच बैठकीत नव्या पानावर सही करावी.